चौदा माणसं, सहा केबिन: नाशिकहून अख्खं घर घेऊन भूमध्य समुद्राच्या क्रूझला जायचं असेल तर

मे महिन्यात आम्ही घरातली चौदा माणसं बार्सिलोनाहून सात रात्रींच्या क्रूझला जाऊन आलो. सगळ्यात लहान ३ वर्षांचा, सगळ्यात मोठे ७९ वर्षांचे. तेव्हापासून कुठल्या लग्नात गेलं, हळदीकुंकवाला गेलं की कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, कसं जमवलंत, व्हिसाचं काय केलंत, सासूबाईंना झेपलं का. गंगापूर रोडच्या भाजीवालीसमोर उभं राहून मी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) समजावून सांगितलाय. म्हणून आता एकदाच लिहून ठेवते. मी ट्रॅव्हल एजंट नाही, घरातली एक्सेल शीट सांभाळणारी धाकटी सून आहे, आणि खाली लिहिलेल्या बऱ्याचशा चुका आम्ही स्वतः करून बघितल्यात.

आमची टीम अशी: सासू-सासरे (पुढे आई-बाबा म्हणते ते हेच), पिंपळगावचे चुलत सासरे म्हणजे तात्या आणि काकू, दीर-जाऊबाई आणि त्यांची १६ आणि १३ ची मुलं, आम्ही दोघं आणि ९ वर्षांची लेक, पुण्याहून नणंद, तिचे मिस्टर आणि त्यांचा ३ वर्षांचा चिरंजीव.

एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं प्लॅनिंग तिच्यावरच उभं आहे. याआधी आम्ही सगळे मिळून हिमाचलला गेलो होतो, आठ दिवस एकाच बसमध्ये, आणि रोज सकाळी बारा जण तयार होऊन दोघांची वाट बघत बसायचे, शेवटी दोन दिवस कोणी कोणाशी नीट बोलत नव्हतं. यावेळी निघायच्या आधीच नियम केला: दिवसभर ज्याचं त्याने, रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र. क्रूझमध्ये हे जमतं कारण हॉटेल तुमच्याबरोबर फिरतं, बॅगा एकदाच उघडायच्या, ज्याला खाली उतरायचं नाही तो वरच राहू शकतो. पण "सगळे सगळीकडे बरोबरच" हा हट्ट घेऊन जाणार असाल तर त्यापेक्षा महाबळेश्वर बरं.

पायरी १: तारीख ठरवा, आणि ती ठरवणं सोपं नाही

तिकडचा मुख्य सीझन एप्रिल ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टला कडक ऊन आणि युरोपातल्या शाळांना सुट्टी, त्यामुळे गर्दी आणि भाव दोन्ही वर. आपल्याला शाळेमुळे दोनच पर्याय उरतात, मे किंवा दिवाळीची सुट्टी. दिवाळीच्या सुमाराला भाव उतरतात पण समुद्र थोडा खवळायला लागतो. आमच्याकडे तो प्रश्न तात्यांनीच निकालात काढला, ऑक्टोबर छाटणी सोडून मी कुठेही येत नाही म्हणाले. द्राक्षबागवाला माणूस घरात असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल तोडणी, मग खरड छाटणी, त्यामुळे मे महिन्याचा दुसरा पंधरवडा हीच काय ती फट सापडते. मुलांची शाळा जूनच्या मध्यात, तेही बसलं.

मे मध्ये जायचं तर आदल्या दिवाळीत बुकिंगला लागा. चौदा माणसांच्या केबिन जवळजवळ हव्या असतील तर उशीर परवडत नाही.

पायरी २: आधी रूट बघा, जहाज नंतर

सगळे आधी जहाजाचे व्हिडिओ बघतात, वॉटर स्लाइड आहे का, किती मजले. घरात म्हातारी माणसं असतील तर आधी बंदरांची यादी बघा. आमचा रूट बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, चिविताव्हेकिया, पालेर्मो, माल्टाचं व्हॅलेटा, एक दिवस नुसता समुद्र, आणि परत बार्सिलोना. पश्चिमेकडचे रूट साधारण असेच असतात.

रूट बघताना हे तपासा:

- जहाज धक्क्याला लागतं का समुद्रात उभं राहतं? सँटोरिनीला उभं राहतं, छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जायचं आणि तिथून वर गावात जायला केबल कार किंवा पाचशेच्या वर पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे फोटोत दिसत नाही. अशा ठिकाणी व्हीलचेअर बोटीत घेतीलच असंही नाही.
- बंदराचं नाव आणि शहराचं नाव एकच आहे का? "रोम" लिहिलेलं असतं पण जहाज लागतं चिविताव्हेकियाला, रोम तिथून ७०-८० किलोमीटर. "फ्लॉरेन्स" म्हणजे लिव्होर्नो किंवा ला स्पेझिया. आणि "व्हेनिस" लिहिलं असेल तर नक्की विचारा, कारण १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या मधल्या कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे व्हेनिसच्या नावाने सोडलेलं जहाज मार्गेरा, राव्हेना नाहीतर त्रिएस्तेला असू शकतं.
- रूटमध्ये तुर्कस्तान, ट्युनिशिया, माँटेनेग्रो असं शेंगेनबाहेरचं काही आहे का? असेल तर व्हिसा मल्टिपल एंट्रीच (बाहेर जाऊन परत आत येता येईल असा) लागेल, आणि त्या देशाचा नियम वेगळा बघावा लागेल.

पायरी ३: केबिन

सहा केबिन घेतल्या. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकला हलणं सगळ्यात कमी जाणवतं, म्हणून आई-बाबांची केबिन मधली घेतली, आणि बाल्कनीवाली. सगळ्यांना बाल्कनी घ्यायची काही गरज नाही. आम्ही तरुण मंडळी (म्हणजे पंचेचाळिशीची) खिडकी नसलेल्या आतल्या केबिनमध्ये होतो, झोपायलाच जायचं होतं. पण म्हाताऱ्यांच्या बाल्कनीवर पैसे घालवाच, बाबा रोज सकाळी पाचला तिथे चहाचा थर्मास घेऊन बसायचे आणि सात दिवसांत तीच जागा आमची ओसरी झाली, ज्याला काही सांगायचंय तो तिथे यायचा.

दीरांनी मधे दार असलेल्या दोन जोडकेबिन घेतल्या. कागदावर एकेका केबिनमध्ये एक मोठा आणि एक मुलगा दाखवावा लागतो, कारण १८ खालच्या मुलांच्या नावावर वेगळी केबिन देत नाहीत, चढल्यावर कोण कुठे झोपतंय हे तुमचं तुम्ही बघायचं.

एकाच केबिनमध्ये तीन-चार जण बसवायचे असतील तर अशा केबिन लवकर संपतात. आणि कधीकधी पलंग शिल्लक असूनही मिळत नाहीत, कारण त्या भागाच्या लाइफबोटीत जागा किती यावरही माणसांचा आकडा ठरतो. साधारण आठ केबिन भरत असतील तर ग्रुप रेट विचारा. आमच्या सहाच झाल्या, थोडक्यात हुकलं, आत्याच्या घरच्यांना आधी विचारलं असतं तर जमलं असतं.

सगळ्यात महत्त्वाचं: बुकिंग नंबर वेगवेगळे असतील तर ते एकमेकांना लिंक करून घ्या आणि जेवणाची वेळ एकच मागा. नाहीतर रात्रीच्या जेवणाला तुम्ही एका टोकाला आणि सासरे दुसऱ्या टोकाला कुठल्यातरी जर्मन जोडप्याबरोबर. वेळ पहिलीच घ्या, दुसरी पंगत नऊ-साडेनऊला बसते, तोवर आपली म्हातारी आणि मुलं दोन्ही झोपलेली असतात.

घरात कोणी गरोदर असेल किंवा तान्हं बाळ असेल तर बुकिंगआधीच सांगा. साधारण २४ आठवड्यांच्या पुढे बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत आणि बाळ सहा महिन्यांचं तरी लागतं.

पायरी ४: पासपोर्ट, म्हणजे खरं तर नावं

सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर मांडा आणि एकत्र तपासा. परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी मुदत लागते, पण क्रूझवाले बऱ्याचदा सहा मागतात म्हणून सहाच धरून चाला. दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, दोन पानं कोरी हवीत. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो हे आपण विसरतो, माझ्या लेकीचा संपत आला होता.

खरी गंमत नावात. काकूंच्या पासपोर्टवर लग्नाआधीचं आडनाव, बँकेत नंतरचं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. नणंदेच्या तिकिटावर एजंटने वडिलांचं नाव गाळलं. तिकीट, क्रूझ, इन्शुरन्स, व्हिसा फॉर्म, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव, अक्षरही इकडचं तिकडे नको. मी सगळ्यांच्या पासपोर्टवरून बघून एकच यादी टाइप केली आणि प्रत्येकाला तीच कॉपी-पेस्ट करून पाठवली, तोंडी कोणाला नाव सांगितलंच नाही.

पायरी ५: व्हिसा

इथेच सगळे घाबरतात, आणि थोडं घाबरलेलं बरंच.

कुठल्या देशाचा? ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस, त्या देशाचा. दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा उतरता त्याचा. क्रूझमध्ये हा हिशोब डोकं खातो. आमच्या रूटमध्ये इटलीची तीन बंदरं होती, नुसतंच क्रूझला गेलो असतो तर इटली पुढे गेली असती. पण आम्ही दोन दिवस आधी बार्सिलोनाला पोचलो, त्यामुळे आधीचे दोन दिवस, चढायचा दिवस आणि उतरायचा दिवस मिळून स्पेनचे चार झाले आणि प्रश्न मिटला. स्पेनचे अर्ज बीएलएस या एजन्सीच्या सेंटरला जातात, इटली-फ्रान्सचे व्हीएफएस या दुसऱ्या एजन्सीकडे. दोन दिवस आधी पोचायचं दुसरंही कारण आहे. विमान चुकलं, बॅग हरवली तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. कमीत कमी १५ दिवस आधी असा नियम आहे पण त्या भरवशावर राहू नका. मार्च-एप्रिलमध्ये मुंबईच्या अपॉइंटमेंट मिळता मिळत नाहीत, आणि चौदा जणांच्या एका दिवशी मिळणं तर विसराच. आम्ही दोन तुकड्या केल्या.

फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ च्या मधल्या मुलांना ४५, सहाच्या खाली फुकट. आमचे बारा जण पूर्ण, एक अर्धी, एक फुकट म्हणजे ११२५ युरो, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. नाकारला तर फी परत मिळत नाही.

कागदपत्रं, आम्ही लावली ती:

- पासपोर्ट, जुने पासपोर्टसुद्धा
- ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, पांढरी पार्श्वभूमी, नवीन काढलेले
- फॉर्म आणि कव्हर लेटर, त्यात चौदा जणांचं एकमेकांशी नातं स्पष्ट लिहिलेलं
- क्रूझ कन्फर्मेशन, प्रत्येकाचं नाव आणि बंदरांची तारीखवार यादी असलेलं
- विमान आणि हॉटेलचं बुकिंग
- इन्शुरन्स, कमीत कमी ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर
- बँक स्टेटमेंट शिक्क्यासकट, तीन वर्षांचे आयटीआर
- नोकरीवाल्यांना पगारपत्रक आणि सुट्टीचं पत्र, धंदेवाल्यांना शॉप अ‍ॅक्ट किंवा जीएसटी, पेन्शनरांना पेन्शनचे कागद
- ज्याचा खर्च दुसरा करतोय त्यासाठी स्पॉन्सर लेटर, आणि नात्याचा पुरावा म्हणजे लग्नाचा किंवा जन्माचा दाखला
- मुलांसाठी दोन्ही पालकांची संमती, शाळेचं पत्र

तात्यांच्या बाबतीत वेगळीच अडचण. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे आयटीआरमध्ये दिसतो तो आकडा बघून कोणाला वाटेल हा माणूस बस स्टँडपर्यंत तरी जाईल का. आम्ही सातबारा इंग्रजी भाषांतरासकट लावला, द्राक्षाच्या व्यापाऱ्याकडून खात्यात आलेल्या रकमांवर खुणा केल्या आणि कव्हर लेटरमध्ये दोन ओळींत समजावून लिहिलं. शेतकरी घरातल्यांनी हे नक्की करा. आणि व्यवहार रोखीने करत असाल तर आदल्या हंगामापासूनच पैसे खात्यात घ्या, अर्जाच्या आठवडाभर आधी एकदम मोठी रक्कम भरली की संशय येतो.

ठशांसाठी १२ वर्षांवरच्या प्रत्येकाला स्वतः जावं लागतं (गेल्या ५९ महिन्यांत दिले असतील तर सहसा पुन्हा लागत नाहीत). म्हणजे म्हाताऱ्यांनाही मुंबई. आम्ही पंचवटीने गेलो, दादरला उतरून टॅक्सी. आईंच्या बोटांचे ठसे उमटेचनात, आयुष्यभर भांडी, धुणं, भाकऱ्या, रेषा राहिल्यात कुठे. मशीन चार वेळा लाल. मग तिथल्या मुलीने ओला टिश्यू दिला, बोटं पुसली, आईंनी तळहात एकमेकांवर चोळले, आणि तिने स्वतःच्या हाताने एकेक बोट काचेवर दाबून धरलं. पाचव्या वेळेला हिरवं. म्हातारी माणसं असतील तर आठवडाभर आधीपासून रात्री हाताला खोबरेल लावा आणि त्या दिवशी वेळ हातात ठेवून जा.

पायरी ६: इन्शुरन्स आणि औषधं

व्हिसापुरता सगळ्यात स्वस्त इन्शुरन्स घेऊ नका. जहाजावर डॉक्टर असतो पण तो फुकट नसतो, नुसतं तपासण्याचं बिलही युरोत लागतं. सत्तरीच्या पुढच्यांसाठी आधीपासूनच्या आजाराचं कव्हर आहे का, क्रूझ धरलंय का, हे पॉलिसीत लिहिलेलं दाखव म्हणून एजंटला सांगा. बीपी, शुगर लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच पहिलं निघतं.

औषधं दुप्पट घ्या, अर्धी एकाच्या हँडबॅगेत आणि अर्धी दुसऱ्याच्या, मोठ्या बॅगेत अजिबात नको. डॉक्टरकडून औषधाचं मूळ नाव इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी आणा. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या तेही विचारून घ्या. गाडी लागणाऱ्यांना जहाजही लागू शकतं, त्यावरच्या गोळ्यांनी झोप येते म्हणून म्हाताऱ्यांना परस्पर देऊ नका.

पायरी ७: पैसे, आणि "सगळं इन्क्लुडेड" या दोन शब्दांवर विश्वास ठेवू नका

आमच्या एजंटने हे दोन शब्द इतक्या वेळा म्हटले की मी विचारायचंच सोडलं. तिकिटात काय असतं: केबिन, बफे आणि मुख्य रेस्टॉरंटचं जेवण, शो, पूल. काय नसतं: रोजचा सर्व्हिस चार्ज, कोल्ड्रिंक आणि दारू, बाटलीतलं पाणी, वायफाय, बंदरावरच्या टूर, स्पेशल रेस्टॉरंट. सर्व्हिस चार्ज आम्हाला माणशी रात्रीला १२ युरो होता, दहा मोठी माणसं, सात रात्री, ८४० युरो, म्हणजे पाऊण लाखाच्या वर, आणि हा आकडा मला जहाजावर कळला. बुकिंग करतानाच लेखी विचारा.

इथून परदेशाचं पॅकेज घेतलं की टीसीएस, म्हणजे बिलाबरोबरच आगाऊ घेतला जाणारा कर, कापतात. तो खर्च नव्हे, आयटीआर भरताना वळता होतो, पण पैसे आत्ता हातातून जातात आणि ज्याच्या पॅननंबरवर बिल त्याच्याच नावावर जमा होतात. आम्ही घराघराचं बिल वेगळं केलं, ते बरं झालं. दर बजेटमध्ये बदलत असतो, सीएला विचारा.

जहाजावर रोख चालत नाही, क्रूझ कार्ड दाखवायचं आणि ते खात्यावर चढतं. मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घाला. आमच्या १३ वर्षांच्या पुतण्याने व्हिडिओ गेममध्ये काय केलं ते इथे लिहीत नाही, तो हे वाचेल.

मोबाइल: जहाज समुद्रात गेलं की फोन जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडतो, ते नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये सहसा नसतं आणि बिल भयानक येतं. चढल्याबरोबर सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर, म्हाताऱ्यांचे स्वतःच्या हाताने करा. मग निरोप कसे द्यायचे? केबिनच्या भिंती आणि दारं बहुतेक लोखंडी असतात, फ्रिजवरचे मॅग्नेट घेऊन जा. आम्ही आई-बाबांच्या दारावर कागद लावला होता, "आम्ही ११ व्या डेकवर", "काकू झोपल्यात, उठवू नका", "चहा संपला". व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपेक्षा भांडणं कमी झाली.

पायरी ८: बॅगेत काय

नाशिकचा चिवडा, मेतकूट, कोरडी लसणाची चटणी, खाकरे, लोणच्याची सीलबंद पाकिटं. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे तूप, खवा, पनीर घरीच. पेढे मी नेले नाहीत, आईंनी थोडे नेले का ते मी विचारलं नाही. घरी केलेलं उघडं खाणं जहाजावर चढू देत नाहीत, दुकानातलं सीलबंद न्या.

केटल, इस्त्री, कॉइल हे सगळं जहाजावर जप्त होतं, आगीच्या भीतीने. काकूंची छोटी केटल गेली, शेवटच्या दिवशी पावती दाखवून परत मिळाली. थर्मास मात्र न्या, बफेमधून गरम पाणी घेता येतं. आपला दोन गोल पिनांचा चार्जर तिकडे चालतो, तीन पिनांचा नाही.

घडीची व्हीलचेअर घरची न्या. विमान कंपनी ती फुकट नेते, आणि जहाजावरची चेअर बंदरावर खाली न्यायला सहसा देत नाहीत. बाबा आधी रागावले, मी काय पांगळा आहे का, पण बार्सिलोनाच्या टर्मिनलमधली रांग बघून स्वतःच बसले.

शाकाहाराचं बुकिंग करतानाच लेखी कळवा आणि पहिल्या रात्री हेड वेटरला परत सांगा. तिकडे "व्हेज" सूपमध्ये चिकनचं पाणी असू शकतं, काहींच्या लेखी मासा म्हणजे मांस नाही. जहाजांवर गोव्याची, मुंबईची बरीच मुलं काम करतात. आमच्या टेबलावरचा वेटर मडगावचा निघाला, तिसऱ्या दिवसापासून आईंपुढे न मागता वरण-भातासारखं काहीतरी यायला लागलं. मधे संकष्टी आली, तिचं काय म्हणून आदल्या रात्री चर्चासत्र झालं, पण फळं, दही, उकडलेला बटाटा बफेवर असतोच, चंद्रोदयाची वेळ नाशिकची धरायची का माल्टाची यावरच काय तो अर्धा तास गेला.

पायरी ९: निघणं आणि चढणं

नाशिकहून सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर केली, पण चौदा माणसं आणि बावीस बॅगा त्यात बसत नाहीत, वर कॅरिअर आहे का ते आधी बघा. कसारा घाटाचा भरवसा नाही, पहाटे चारच्या फ्लाइटला आम्ही संध्याकाळी सातला निघालो आणि ते बरोबरच होतं.

बंदरावर मोठ्या बॅगा टॅग लावून दारातच देतात, त्या केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत येतात. तोपर्यंत लागेल ते हँडबॅगेत: औषधं, पासपोर्ट, मुलांचे पोहायचे कपडे. डायपरमधल्या मुलांना पूलमध्ये उतरू देत नाहीत, नणंदेचं पोर त्यावरून एक अख्खी दुपार रडलं.

पासपोर्ट काही वेळा जहाजवाले ठेवून घेतात आणि शेवटी देतात. घाबरू नका, रंगीत झेरॉक्स जवळ ठेवा.

सेफ्टी ड्रिल सगळ्यांना लागतं. तात्या म्हणाले मी झोपतो, तुम्ही जाऊन या. त्यांना मी कोस्टा कॉनकॉर्डियाची गोष्ट सांगितली: १३ जानेवारी २०१२ ला हे जहाज इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली, आणि त्याच दिवशी चिविताव्हेकियाला चढलेल्या शेकडो लोकांचं ड्रिल अजून व्हायचं होतं. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी ड्रिल. तात्या सगळ्यांच्या आधी जाऊन उभे राहिले.

पायरी १०: बंदरं

जहाजाची टूर महाग, पण ती उशिरा परतली तर जहाज थांबतं. स्वतः गेलात तर स्वस्त, पण चुकलात तर पुढचं बंदर स्वतःच्या खर्चाने गाठायचं. म्हणून लांब असेल तिथे जहाजाची टूर, जवळ असेल तिथे आपलं आपण. परत चढायची वेळ सुटायच्या अर्धा ते एक तास आधी असते, ती बघा, सुटायची नाही. पूर्वेकडे ग्रीस, तुर्कस्तानला घड्याळ एक तास पुढे असतं, तेव्हा जहाजाचं घड्याळ धरा.

मार्सेय: धक्का शहरापासून लांब, शटल घ्यावी लागते. जुन्या बंदरावरून टेकडीवरच्या नोत्र दाम द ला गार्दला छोटी टुरिस्ट ट्रेन जाते, म्हाताऱ्यांना छान.

जिनोआ: ज्यांच्याकडे मुलं आहेत त्यांनी मत्स्यालय, चालत जाण्याजोगं.

रोम: इथे आम्ही फुटलो, मुद्दाम. आई, बाबा, काकू जहाजावरच राहिले. तीन हजार माणसं उतरल्यावर जहाज रिकामं होतं, पूलच्या कडेला खुर्च्या मोकळ्या, लिफ्टला रांग नाही, आई म्हणतात तोच सगळ्यात छान दिवस. आम्ही सकाळची ट्रेन पकडून गेलो. कोलोसियमची तिकिटं वेळेची आणि नावाची असतात, आधी काढा. सेंट पीटर्समध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत, पुतणी स्लीव्हलेसमध्ये, जाऊबाईंची ओढणी कामी आली. व्हॅटिकन म्युझियम रविवारी सहसा बंद असतं (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून), आपला दिवस कुठला येतो ते बुकिंगच्या वेळीच बघा. रोमची मेट्रो आणि बार्सिलोनाची ला रांब्ला, दोन्हीकडे खिसेकापू पटाईत. आमच्या नंदोईंचं पाकीट मागच्या खिशात होतं. होतं.

पालेर्मो: बंदर शहरातच, जे उतरलो ते चालत फिरलो.

व्हॅलेटा: सकाळी जहाज बंदरात शिरतं तेव्हा झोपू नका, सगळ्यांना डेकवर ओढून न्या, दोन्ही बाजूंना पिवळ्या दगडाची तटबंदी इतकी जवळून सरकते की बाबा म्हणाले जंजिऱ्यात शिरल्यासारखं वाटतंय. धक्क्यापासून वर शहरात जायला ५८ मीटरची बराका लिफ्ट आहे, व्हीलचेअर आरामात जाते, वर बाग आहे आणि दुपारी बाराला खाली तोफ उडवतात. चौदाच्या चौदा जण एकत्र उतरलो असं हे एकच बंदर, बाकी कुठे अट्टहास केला नाही.

पायरी ११: शेवटची रात्र

खात्याचं बिल आदल्या दिवशीच रिसेप्शनला जाऊन ओळ न् ओळ तपासा, सकाळी तिथे झुंबड असते. आमच्या बिलात फ्रिजमधली दोन चॉकलेटं होती, ती कोणीच खाल्ली नव्हती म्हणे, तीन वर्षांच्याने सोडून.

मोठ्या बॅगा टॅग लावून रात्री केबिनबाहेर ठेवायच्या, त्या सकाळी थेट टर्मिनलमध्ये मिळतात. तात्यांनी शिस्तीत सगळं भरलं, बॅग बाहेर ठेवली, आणि सकाळी लक्षात आलं की शर्ट-पँट बॅगेतच गेले. बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि वरून काकूंची शाल अशा वेशात ते बार्सिलोनाला उतरले, दाखवायला हातात पासपोर्ट, आणि टर्मिनलच्या बाथरूममध्ये जाऊन कपडे बदलले. त्यामुळे बॅग बाहेर ठेवायच्या आधी उद्याचा जोड खुर्चीवर काढून ठेवा, आणि घरातल्या पुरुषांचा तुम्ही स्वतः बघून घ्या.